भोपळ्याचं श्रेय कुणाचं?

पेपरात शून्य मिळालं की आपण म्हणतो, भोपळा मिळाला. दोघांचं पटत नसेल तर ते विळ्या-भोपळ्याचं सख्य. आणि खोट्या आशेवर बसलेल्याचा भ्रमाचा भोपळा फुटतो. बिचाऱ्या भोपळ्याच्या वाट्याला मराठीत कौतुक असं फारसं आलेलंच नाही! अपवाद एकच, लेकीच्या घरून परतताना भोपळ्यात बसून कोल्ह्या-वाघाला चकवणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीचा.

मीही २०१२ साली त्या म्हातारीसारखीच लेकीकडे गेले होते. निवृत्तीला तीन वर्षं झाली होती, गुडघे अजून शाबूत होते. लेक राहते अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात. एप्रिलअखेर गेले ती ऑक्टोबरअखेर परतले. त्या सहा महिन्यांत तिथला एक भोपळा माझ्या डोक्यात जो शिरला तो अजून बाहेर पडलेला नाही. आज त्याबद्दल लिहायचं कारण घरातलंच आहे. परवा एका बारशाला सगळी नातेवाईक मंडळी जमली होती. कुणाचा तरी मुलगा दहावीत मागे पडल्याचा विषय निघाला आणि आमच्यापैकीच एक जण पुरणपोळी मोडता मोडता म्हणाले, "अहो, हुशारी रक्तातच असावी लागते. क्लास लावून का कुठे येते?" लगेच दुसऱ्या बाजूनं उत्तर, "रक्त-बिक्त काही नाही. आईबापांनी लक्ष दिलं नाही, दुसरं काय!" मुलाची आई तिथंच वाढत होती. दोन्ही वाक्यं तिनं ऐकली.

मी तेव्हा गप्प बसले. पंगतीत वाद घालू नये असं आमच्या आईनं शिकवलंय. पण जे बोलायचं होतं ते इथं लिहिते.

तर लेकीच्या शेजारी एक सत्तरीतले आजोबा राहायचे. आयुष्यभर इलेक्ट्रिशियनचं काम केलेले. हात कायम मातीनं भरलेले. त्यांना नाद महाकाय भोपळ्यांचा. तिकडे हा नाद पुष्कळांना असतो. दर ऑक्टोबरात ठिकठिकाणी वजनाच्या स्पर्धा होतात, फोर्कलिफ्टनं भोपळे काट्यावर चढवतात. हा भोपळा म्हणजे आपल्या लाल भोपळ्याचा लांबचा भाऊबंद. शास्त्रीय नाव कुकुर्बिटा मॅक्झिमा, मूळ दक्षिण अमेरिकेतलं.

मी पोचले तेव्हा आजोबांच्या खिडकीत कुंड्यांतून रोपं वर आली होती. त्यांनी एक जास्तीचं रोप माझ्या नातीला दिलं. म्हणाले, हे आणि माझं रोप एकाच भोपळ्यातल्या बियांचं, सख्खी भावंडं आहेत, बघू कोण मोठं होतं. शिवाय त्यांनी स्वतःच्या वाफ्यातच, थोडं अंतर सोडून, दुकानातल्या साध्या पाकिटातली एक बी लावली होती. तीही त्याच मोठ्या भोपळ्यांच्या वाणाची, पण आईबाप कोण ते ठाऊक नसलेली. म्हणजे तीन वेल झाले. एक चांगल्या घराण्यातला, चांगल्या मातीत. दुसरा त्याचाच भाऊ, आमच्या अंगणातल्या मातीत. तिसरा सामान्य घरातला, पण चांगल्या मातीत. शाळेत प्रयोग मांडायचा म्हटला असता तरी याहून सोपा मांडता आला नसता!

पुढचे चार महिने मी कुंपणापाशी उभी राहून आजोबांची मेहनत पाहिली. आदल्या शरद ऋतूतच त्यांनी माती तपासून घेतली होती, घोड्याचं शेणखत आणि झाडांची कुजलेली पानं मिसळून वाफा तयार ठेवला होता. वेल पसरायला लागला तसे ते फांद्यांच्या पेरांवर माती ओढत गेले. प्रत्येक पेरातून नवी मुळं फुटतात आणि वेलाला जागोजागी तोंडं मिळतात. मादी फुलावर आदल्या संध्याकाळी पिशवी बांधायची, म्हणजे मधमाशी कुठला तरी भलताच पराग आणून टाकणार नाही. पहाटे उठून नर फूल हातानं तिच्यावर फिरवायचं. एकदा माझी नात आणि मी दोघी ते बघायला गेलो होतो. आजोबांनी तिला समजावलं, "बापाचा गुण यंदा दिसायचा नाही. यंदाचं फळ आईच्या वेलाचं. बाप कळेल पुढच्या वर्षी, ह्या फळातल्या बिया लावल्यावर."

त्यानंतर त्यांनी जे केलं त्यानं मात्र माझ्या पोटात कालवलं. वेलाला चार फळं धरली होती. त्यांतलं एक ठेवून बाकीची तोडून टाकली. वेलानं कमावलेली सगळी साखर एकाच फळाला मिळावी म्हणून! त्या एकावर उन्हाची पांढरी चादर, खाली वाळू, थंडीच्या रात्री पांघरूण. रोज संध्याकाळी टेप घेऊन तीन बाजूंनी मोजायचं आणि तक्त्यावरून वजनाचा अंदाज काढायचा. ऑगस्टच्या ऐन भरात त्यांचा भोपळा दिवसाला दहा-बारा किलो वाढत होता. स्पर्धा जिंकणारे भोपळे तर वीस किलोंहूनही जास्त वाढतात. अशा वेळी पाणी थोडं कमीजास्त झालं की फळ तडकतं आणि सगळा उन्हाळा वाया.

आमच्या अंगणात काय होतं? मेपलच्या झाडाची अर्धी सावली आणि हातभर खाली दगड. जावई शनिवारी आठवण झाली तर पाणी घालायचे. मी आपली गोमूत्राची महती सांगत बसायचे, पण गाय कुठून आणणार :-)

सप्टेंबरअखेर निकाल लागला. आजोबांचा भोपळा ९१४ पौंड, म्हणजे सुमारे ४१५ किलो. त्यांच्याच वाफ्यातला पाकिटाच्या बियांचा ३८० पौंड. आणि आमचा? ९६ पौंड! तरी पुण्याच्या मंडईत त्याला बघायला गर्दी झाली असती ही गोष्ट वेगळी. त्याच्या घारग्या करून मी सगळ्या गल्लीला खाऊ घातल्या.

आता सांगा, बियाणं मोठं की माती? पहिल्या आणि तिसऱ्या वेलाची माती एक, मेहनत एक, तरी फरक दुपटीहून जास्त. तो बियाण्याचा. पहिल्या आणि दुसऱ्याचं बियाणं एक, तरी फरक नऊ पटींहून जास्त. तो मातीचा आणि मेहनतीचा. तीन वेलांवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण पंगतीत ऐकलेली दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत एवढं कळायला तीन वेल पुरेसे आहेत.

बियाण्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं मी आधी मांडते, कारण ते खोटं नाही. कॅनडातल्या विल्यम वॉर्नॉक नावाच्या गृहस्थांनी १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात ४०३ पौंडांचा भोपळा ठेवला होता. तो विक्रम १९७६ पर्यंत, तब्बल ७२ वर्षं टिकला. त्या काळात जगात शेणखत नव्हतं का? मेहनती शेतकरी नव्हते का? सगळं होतं. मग कॅनडाच्याच नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या विंडसर गावी हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं निवडून निवडून बियाणं तयार केलं. त्याचं नाव 'अटलांटिक जायंट'. १९८१ मध्ये त्यांचा भोपळा ४९३.५ पौंडांचा भरला. डिल २००८ मध्ये गेले, पण आजचे विक्रमी भोपळे त्याच वंशातले. (त्याच विंडसरला भोपळे पोखरून त्यांत बसून तळ्यात शर्यती लावल्या गेल्या आहेत. आमच्या गोष्टीतली म्हातारी तिथं नक्की पहिली आली असती!)

बियाण्यानं नेमकं काय बदललं यावर २०१५ मध्ये अमेरिकेत संशोधनही प्रसिद्ध झालं. महाकाय वाणांच्या देठांत रसवाहिन्यांचं जाळं साध्या वाणांपेक्षा जास्त असतं. पानांत तयार झालेली साखर फळापर्यंत नेणारे रस्तेच त्यांना जास्त मिळालेले असतात. हे रस्ते कुठल्याही खतानं तयार होत नाहीत. ते जन्माचेच. आमच्या परसातल्या डांगराला तुम्ही दुधा-तुपानं न्हाऊ घातलंत तरी त्याचं ९०० पौंडांचं धूड होणार नाही. बियाणं काहीच नसतं असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण रस्ते असले तरी त्यावरून जायला गाड्या हव्यात ना! साखर करायला ऊन हवं, पानं निरोगी हवीत, मुळांना पाणी हवं. अटलांटिक जायंट आलं म्हणून काम संपलं नाही. २०१२ च्याच शरद ऋतूत, लेकीच्या घराजवळच्या टॉप्सफील्डच्या जत्रेत, ऱ्होड आयलंडच्या रॉन वॉलेस यांचा भोपळा २,००९ पौंडांचा भरला. जगात पहिल्यांदाच २,००० च्या पुढे! आम्ही सगळे बघायला गेलो होतो. आपल्याच वजनानं पसरट झालेला, फिकट शेंदरी डोंगर. पुढे २०२३ मध्ये मिनेसोटातल्या ट्रॅव्हिस गिएंगर यांनी २,७४९ पौंडांचा विक्रम केला. हे गृहस्थ उद्यानविद्येचे शिक्षक आहेत, म्हणून मला जास्तच आनंद! आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या पॅटन ह्या जुळ्या भावांनी २,८१९ पौंड, म्हणजे जवळजवळ १,२७९ किलोंचा भोपळा काट्यावर ठेवला. लहानपणापासून भोपळे लावणारी ही जोडी. १९८१ पासूनची ही साडेपाच पटींहून मोठी झेप निव्वळ बियाण्याची नाही आणि निव्वळ मशागतीचीही नाही. बियाणं सुधारलं तसं माती तपासणं, पेरं पुरणं, पाणी मोजून देणं, थंड प्रदेशात काचघर बांधणं हेही सुधारत गेलं. एकानं दुसऱ्याला वर उचललं.

म्हणून किती टक्के रक्ताचं आणि किती टक्के संस्काराचं, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. गणित माझा विषय नव्हे, पण एवढं कळतं की ही बेरीज नाही, हा गुणाकार आहे. बेरजेत एक आकडा शून्य असला तरी दुसरा वाचतो. गुणाकारात कोणताही एक शून्य झाला की उत्तर भोपळा!

टॉप्सफील्डच्या जत्रेत मला आणखी एक गोष्ट उमगली. तिथं जमलेले भोपळेवाले सतत बियांबद्दलच बोलत होते. कुणाची बी, कुणाशी संकर, किती डॉलरला मिळाली. नावाजलेली एकेक बी शेकडो डॉलरला लिलावात जाते म्हणे. मी आजोबांना विचारलं, "इथं मातीबद्दल कुणी बोलत कसं नाही?" ते हसले. "माती सगळ्यांचीच चांगली आहे. ती चांगली नसती तर ते इथं आलेच नसते."

हे वाक्य मी तेव्हाच डायरीत टिपून ठेवलं. जिथं सगळ्यांना सगळं सारखं मिळालेलं असतं तिथं उरलेला फरक बियाण्याचा दिसतो. जिथं एकाला सगळं आणि दुसऱ्याला सावलीतला दगड, तिथं फरक मातीचा असतो. आणि गंमत म्हणजे पहिल्या ठिकाणी उभ्या असलेल्या माणसाला माती दिसतच नाही. तो प्रामाणिकपणे म्हणतो, सगळं रक्तात असतं! आपल्या सुखवस्तू घरांतून ही भाषा इतक्या सहज का येते, ते मला त्या जत्रेत कळलं. त्यातून आपल्याकडे 'बीज' हा शब्द फार लवकर कुळावर आणि जातीवर घसरतो, ही त्याहून वाईट गोष्ट.

भोपळेवाले मात्र ह्या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे. एका फळाच्या वजनावरून ते बियाण्याची परीक्षा करत नाहीत. एकाच फळातल्या बिया वेगवेगळ्या लोकांकडे, वेगवेगळ्या मातीत जातात. सगळीकडेच फळं भारी निघाली तर ते म्हणतात, बी चांगली. विक्रमी फळाच्या बिया पुढे साध्याच निघाल्या आणि मध्यम फळाच्या बियांनी नाव काढलं, असंही होतं. आणि बीला नाव कसं देतात माहीत आहे? ती ज्या फळातून निघाली त्याचं वजन, मग ते पिकवणाऱ्याचं आडनाव आणि साल. '२००९ वॉलेस', २०१२. म्हणजे बियाण्याच्या नावातच पिकवणारा आला. कुणी किती राबून ते फळ वाढवलं हे बीपासून वेगळं काढायचंच नाही, असा जणू नियम.

आता जे मला खरं सांगायचंय ते.

१९८६ साल. मी साताऱ्याजवळच्या एका गावात मराठी आणि इतिहास शिकवत होते. आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. बसायचा कसला, झोपायचा. सहामाहीत इतिहासाच्या पेपरात त्यानं नाव लिहून पेपर कोरा दिला. मी लाल शाईनं शून्य काढलं, आणि मला काय दुर्बुद्धी झाली, त्या शून्याला वर देठ काढला. पेपर वाटताना तो सगळ्या वर्गाला दाखवला. वर्ग खो खो हसला. मीही हसले. पुढे त्याचे वडील भेटायला आले तेव्हा मुलासमोरच त्यांना म्हटलं, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" वार्षिक परीक्षेनंतर तो शाळेत आला नाही. मला त्याचं काही वाटलंही नाही. वर्गात साठ मुलं होती.

२०१४ मध्ये साताऱ्याला एका लग्नात मांडवाचं सामान घेऊन आलेला टेम्पोवाला माझ्या पाया पडला. "बाई, ओळखलंत?" मी नेहमीसारखं "अरे, हो हो" म्हटलं. नाव त्यानंच सांगितलं. चहा घेता घेता बोलत बसलो. आठवीच्या त्या हंगामात तो रोज पहाटे तीनला उठून गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायला जायचा आणि तिथूनच शाळेत यायचा. मी कधी विचारलं नव्हतं. त्यानं सांगितलं नव्हतं. मग हसत हसत म्हणाला, "बाई, तुम्ही आड आणि पोहरा म्हणालात ना, मला त्याचा अर्थच लागला नव्हता. घरी जाऊन आईला विचारला. तिनं सांगितला नाही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

इथं पुष्कळांना वाटेल की आता मी लिहीन, तो पुढे मोठा उद्योजक झाला, बियाणं उत्तमच होतं. तसं काही नाही. त्याचा एक टेम्पो आहे, संसार नीट आहे. तो शिकला असता तर काय झाला असता हे मला माहीत नाही, त्यालाही नाही, आणि आता कुणालाच कळायचं नाही. हेच मला टोचतं. त्याचं बियाणं कमी होतं असं मी ठरवून टाकलं, पण ते मी कुठल्या मातीत तपासलं होतं? सावलीत, दगडावर, पहाटे तीनपासून जागलेल्या वेलावर! दोन वर्षांपूर्वी आमच्या अंगणातला ९६ पौंडांचा भोपळा बघून मी म्हटलं होतं, "मेपलची सावली नडली." भोपळ्याला जो न्याय मी सहज दिला, तो पोराला द्यायला मला सुचला नव्हता.

म्हणून माझं मत असं. बियाणं असतं, आणि त्यात कमीजास्तही असतं. सगळी मुलं सारखीच, फक्त मेहनत हवी, असं म्हणणाराही मुलावर आणि त्याच्या आईवर अन्यायच करतो. तिनं रात्रंदिवस राबूनही फळ ९०० पौंडांचं झालं नाही तर तो तिचा दोष नाही. पण बियाण्याबद्दल बोलायचा हक्क माती दिल्यानंतरच मिळतो. त्याआधी दिलेला निकाल बियाण्याचा नसतो, देणाऱ्याच्या आळसाचा असतो. शिवाय शिक्षकाच्या, आजीच्या, काकांच्या हातात बियाणं कधीच नसतं. ते आपल्यापर्यंत येतं तेव्हा ठरून आलेलं असतं. आपल्या हातात असते ती फक्त माती. मग दिवसभर बोलायचं कशाबद्दल?

एका बाबतीत मात्र आजोबांचं ऐकू नका. एक फळ ठेवून बाकीची तोडायची ही रीत भोपळ्यापुरतीच राहू दे. घरात आणि वर्गात सगळीच फळं आपली.

ज्या बहिणीच्या लेकाबद्दल बारशाला बोलणं झालं, तिला मी काल फोन केला. मुलगा किती वाजता झोपतो, त्याला अभ्यासाला कुठं बसायला जागा आहे, एवढंच विचारलं. ती बराच वेळ बोलत होती. रविवारी त्याला आमच्याकडे पाठव म्हटलं. गॅलरीतलं टेबल रिकामं करून ठेवलंय. आणि हो, त्याला घारग्या आवडतात म्हणे. लाल भोपळा आणलाय!